सुईचा हट्ट कशाला?

ताप आला की ‘डॉक्टर, सुई द्या’, अशक्तपणा वाटला की ‘सलाइन लावा’, हा आग्रह आपल्याकडे जुनाच. पण औषध कोणत्या मार्गाने द्यायचे, हे आजार आणि औषध ठरवते. इन्सुलिन पोटात पचून निकामी होते, म्हणून ते टोचावे लागते. छातीत कळ आल्यावर सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवतात. तेथून ते लवकर रक्तात मिसळते. दम्याचे औषध पंपाने थेट श्वासनलिकेत जाते. साध्या तापाला मात्र गोळी पुरते. नॉर्मल सलाइनच्या अर्ध्या लिटर बाटलीत पाण्याखेरीज असते साडेचार ग्रॅम मीठ, ताकद नव्हे. उलट वापरलेल्या सुईतून हिपॅटायटिस बी, एचआयव्हीचा धोका. म्हणून सुई मागण्याआधी ‘गोळीने भागेल का?’ एवढे विचाराच.