लाखाला अकरा, करोडला सात

मंडळी, आज खड्डे, पाणीपट्टी आणि नगरपरिषदेला सुट्टी. आज इंग्रजी शब्दांवर लिहितोय. शेवटी एक मागणी आहे, तेवढं वाचूनच जा.

सुट्टी लागली की आपल्या गावात इंग्रजीच्या शिबिरांचं पीक येतं. यंदा एका क्लासने स्क्रॅबलची तयारी म्हणून पोरांच्या हातात दोन अक्षरी शब्दांची यादी दिलीय. सव्वाशेच्या आसपास शब्द, अर्थ एकाचाही नाही. पोरं पाढे म्हणावेत तसं म्हणतात: क्यू-आय, झेड-ए, एक्स-यू. सातवीतल्या एकाला विचारलं, क्यू-आय म्हणजे काय रे? म्हणाला, "अकरा मार्क, काका."

खेळापुरतं त्याचं उत्तर बरोबर आहे. स्क्रॅबलमध्ये शब्द यादीत असला की झालं, अर्थ कुणी विचारत नाही. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला, तेव्हा त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. नऊएक आठवड्यांत त्याने फ्रेंच शब्द पाठ केले होते. २०२४ मध्ये स्पॅनिशमध्येही तेच करून दाखवलं. त्या माणसाला दंडवत. पण आपल्या गावातून नायजेल रिचर्ड्स घडवायचेत की इंग्रजीला न बिचकणारी पोरं, हे एकदा ठरवा.

कारण खरी गंमत अर्थातच आहे. 'ची' (क्यू-आय) म्हणजे चिनी विचारातली प्राणशक्ती. 'झा' म्हणजे पिझ्झा, अमेरिकन पोरांनी शेपटी तेवढी ठेवली. 'सू' (एक्स-यू) हे व्हिएतनामचं जुनं चिल्लर नाणं. 'झो' म्हणजे याक आणि गाय यांचा संकर, हिमालयाकडचं जनावर. आणि ए-आय? हल्ली ज्याच्या नावाने सगळे घाबरतात ते नव्हे. झाडाला उलटा लटकणारा, तीन नखांचा, महाआळशी स्लॉथ. हे एकदा ऐकलेलं पोरगं विसरेल का? नुसती यादी परीक्षेनंतर आठ दिवसांत उडून जाते.

आता मुद्द्याचं. हा खेळ काढला आल्फ्रेड बट्स नावाच्या न्यूयॉर्कच्या आर्किटेक्टने, १९३०च्या दशकातल्या मंदीत हाताला काम नव्हतं तेव्हा. वर्तमानपत्रं घेऊन बसला आणि कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजलं. नेहमी येणाऱ्या अक्षराला कमी गुण, क्वचित येणाऱ्याला जास्त. (बातमीदारीच्या धंद्याचा कुणाला तरी उपयोग झाला, बरं वाटलं.) पण त्याने मोजली ती अमेरिकन इंग्रजी. तिच्यात के, जे ही अक्षरं कमी, म्हणून के-ला पाच, जे-ला आठ; एच-लाही चार. आपल्या शब्दांत मात्र ख, घ, ध, भ, ज पावलोपावली. त्यामुळे आपल्याकडचे शब्द त्या पाटावर चांगला भाव खातात.

हो, आपले शब्द तिथे चालतात. 'लाख' चालतो, 'करोड'चं इंग्रजी रूप 'क्रोर'ही चालतं. लाखाला अकरा गुण आणि करोडला सात! करोडपेक्षा लाख मोठा ठरवणारा हिशेब जगात दुसरीकडे कुठे सापडायचा नाही. (आपल्याकडच्या काही टेंडरांचा अपवाद.) 'तालुका' चालतो, 'पंचायत' चालते. 'मंगूज' तर शब्दकोशवाल्यांच्या मते सरळ मराठी मुंगसावरून गेलाय. क्यू-नंतर यू नसलेले शब्द खेळाडू जिवापाड जपतात. त्यातले फकीर, बुरखा, तलाक, काझी आपल्याला अरबी-फारसीतून आधीच मिळालेत. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोरीलाही ते माहीत असतात, फक्त त्यांचं इंग्रजी स्पेलिंग तिला कुणी दाखवलेलं नसतं.

आणखी कोणते शब्द दिलेत आपण? बंद. धरणे. घेराव, जो १९६०च्या दशकात बंगालच्या कामगार आंदोलनांतून इंग्रजीत गेला. लाठी. डकैत. गुंडा. लूट. ठग. यादी वाचताना मला आमच्याच पेपरचं तिसरं पान वाचल्यासारखं वाटलं. पण त्याच यादीत 'अहिंसा' आहे, 'स्वराज'ही आहे. गुंड्याला आठ गुण, अहिंसेला अकरा, स्वराजला सोळा. बट्सच्या हे गावीही नसेल, पण मला हा हिशेब आवडला.

क्लासवाल्यांवर राग नाही, फी घेतात, काहीतरी शिकवतात. राग याचा, की फी भरणाऱ्या घरातल्या पोराला यादी मिळते आणि न भरणाऱ्या घरातली पोरगी धरून चालते की इंग्रजी आपलं काम नाही. तिच्या तोंडी रोज असलेले दहा-वीस शब्द जगभरच्या स्पर्धांत चालतात, हे तिला सांगायला पैसा लागत नाही.

म्हणून मागणी. आपल्या वाचनालयात इंग्रजीचे दोन जाडजूड शब्दकोश आहेत. कुलूपबंद कपाटात, 'संदर्भ विभाग' अशी चिठ्ठी लावून. संस्थेला सरकारी अनुदान मिळतं, पुस्तकं खराब होतील ही भीती कुणाला कशाला? खराब होऊ देत, वापरून खराब झाली तर नवी मागता येतील. संचालक मंडळाने सुट्टीपुरते ते कोश बालविभागाच्या टेबलावर ठेवावेत आणि रविवारी सकाळी दोन तास तो हॉल पोरांना द्यावा. कोणत्याही शाळेची पोरं, फी नाही. नियम एकच: शब्द लावला की अर्थ सांगायचा, येत नसेल तर कोश उघडून बघायचा, मगच गुण.

स्क्रॅबलचा एक पाट माझ्याकडे आहे, त्यातली दोन अक्षरं हरवलीत, पुठ्ठ्याची करू. आणखी कुणाच्या माळ्यावर पडला असेल तर काढून ठेवा. कपाटाची किल्ली कुणाकडे असते ते मला माहीत आहे, उद्या अर्ज घेऊन जातोय. सोबत कोण येतंय?