अंगठा शुद्धीवर असतानाच!



हंगामात घरचा कर्ता माणूस आजारी पडला म्हणून ऊस काही थांबत नाही. तोडीची पाळी येते, सोसायटीच्या पीककर्जाचे नवे-जुने करायचे असते, उसाचे बिल खात्यावर पडते. आणि सही ज्याची चालते तो दवाखान्यात खाटेवर असतो. अशा वेळी गावातला एखादा जाणता सांगतो, “मुखत्यारपत्र टाइप करून घ्या, नोटरीला दवाखान्यात न्या, अण्णांचा अंगठा घ्या, की झालं काम!” हा सल्ला अर्धा बरोबर आहे आणि अर्धा घातक.

बरोबर एवढेच की नोटरी दवाखान्यात येऊ शकतो. १९५२ च्या नोटरी कायद्याखाली नेमलेला हा माणूस असतो. रोग्याने त्याच्या समक्ष सही किंवा अंगठा करावा, ओळख पटवावी, नोटरीने आपल्या वहीत नोंद करून शिक्का मारावा, अशी रीत आहे. त्याला बोलावण्याआधी तीन गोष्टी तयार ठेवाव्यात : रोग्याचे ओळखपत्र, ओळखणारे साक्षीदार, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा दाखला. रोगी शुद्धीवर आहे व त्याला कागदातला मजकूर समजतो, असे दाखल्यात तारीख-वेळेसह स्पष्ट लिहून घ्यावे. कागद मराठीत करावा, मोठ्याने वाचून दाखवावा आणि रोग्याच्या तोंडून होकार घ्यावा. त्या वेळी ज्यांचा फायदा आहे त्यांनी खोलीबाहेर थांबावे, म्हणजे पुढे कोणी बोट दाखवणार नाही.

आता घातक काय ते ऐका. बेशुद्ध माणसाचा हात धरून उठवलेला अंगठा त्याचा नव्हे, तो हात धरणाऱ्याचा! त्या कागदाला कायद्यात किंमत नाही, वर खोटा दस्त केल्याचा गुन्हा अंगावर येऊ शकतो. भावाभावांत पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या दाव्यांची मुळे पुष्कळदा अशाच एका अंगठ्यात असतात. बहीण दवाखान्यात डबा घेऊन येते आणि तिच्या माघारी कागद होतो. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे, हे विसरून कसे चालेल?

मुखत्यारपत्राच्या बाबतीत तर फारच गैरसमज आहेत. देणारा वारला की त्याच क्षणी मुखत्यारी संपते. त्यानंतर मुखत्याराने केलेली सही फुकट. देणाऱ्याची शुद्ध कायमची हरपली तरी ती टिकत नाही. १८७२ च्या करार कायद्याचे कलम २०१ हेच सांगते. रोगी आधीच बेशुद्धीत गेला असेल तर नोटरीच्या हातात काही राहत नाही. नातेवाइकांना पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते.

नोटरीच्या शिक्क्याने जमीनही फिरत नाही. हक्कसोडपत्र, बक्षीसपत्र, खरेदीखत यांना दुय्यम निबंधकाकडे नोंदणीच लागते. “नोटरी करून घेतलंय” म्हणून निर्धास्त बसलेले पुष्कळ आहेत, त्यांनी सावध व्हावे. रोगी कचेरीत येऊ शकत नसेल तर १९०८ च्या नोंदणी कायद्यात (कलम ३१ व ३८) दुय्यम निबंधकाने त्याच्याकडे जाण्याची सोय आहे. त्यासाठी अर्ज आणि डॉक्टरांचा दाखला द्यावा.

मृत्युपत्राचे उलट आहे. त्याला स्टँपपेपर लागत नाही, नोटरी लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. साध्या कागदावर चालते, पण दोन साक्षीदार हवेत. करणाऱ्याने त्यांच्या समक्ष सही करावी आणि त्यांनी त्याच्या समक्ष. एक साक्षीदार डॉक्टर असल्यास उत्तम. ज्याला काही मिळायचे त्याने साक्षीदार होऊ नये.

फक्त औषधपाण्यासाठी खात्यावरचे पैसे हवे असतील तर मुखत्यारपत्राचाही खटाटोप नको. रोग्याला सही जमत नसेल तर बँकेला माहीत असलेल्या दोन साक्षीदारांसमोर अंगठा घेऊन पैसे देता येतात. त्यांतला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी असावा, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. शाखेत जाऊन ही सोय हक्काने मागा.

कोणी म्हणेल, आजाऱ्याच्या उशाशी कागद नेणे अशुभ आहे. माझे म्हणणे असे, की उशाशी नेण्याची पाळीच का आणावी? लागणीआधी आपण बेणे बघून ठेवतो, पाण्याची पाळी ठरवतो. मग आपल्या माघारी घर कसे चालावे हे धडधाकट असताना ठरवण्यात अशुभ ते काय? चार लेकरांना समोर बसवून बोललेला शब्द आणि त्याप्रमाणे केलेला कागद, यानेच घर एक राहते. मुलांनी हा विषय काढला तर म्हाताऱ्यांना वाटते, पोरे आपल्या मरणावर टपलीत. म्हणून वडीलधाऱ्यांनीच तो आधी काढावा, हे शोभून दिसते.

यात कारखान्याचेही काम आहे. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम ३० प्रमाणे सभासदाने वारसाचे नामनिर्देशन केले असेल, तर त्याच्या पश्चात भाग त्या व्यक्तीच्या नावे करणे सोपे जाते. ते नसेल तर दाखले, संमतिपत्रे आणि हेलपाटे. मात्र नामनिर्देशन म्हणजे मृत्युपत्र नव्हे, हेही सांगितले पाहिजे. विम्याच्या बाबतीत १९८४ साली आणि कंपन्यांच्या शेअर्सबाबत २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने असाच निर्वाळा दिला आहे, की नामनिर्देशनाने वारसांचा हक्क बुडत नाही.

म्हणून संचालक मंडळास विनंती आहे. गाळप संपल्यावर प्रत्येक गट कचेरीत एक दिवस वारस नोंदीसाठी ठेवावा आणि त्या दिवशी माहितगार वकील बसवावा. जो सभासद दवाखान्यात आहे पण शुद्धीवर आहे, त्याच्या सहीसाठी घरच्यांना परत न पाठवता शेतकी खात्याचा माणूस तिकडे जावा. ऊस न्यायला आपली गाडी बांधापर्यंत जाते, मग सही घ्यायला माणूस खाटेपर्यंत का जाऊ नये?

आणि सभासदांना एवढेच सांगणे : येत्या सर्वसाधारण सभेला येण्याआधी भागाचा दाखला काढून बघा आणि वारसाचे नाव लागले आहे का, याची कचेरीत खात्री करा. नसेल तर त्याच दिवशी लावून घ्या.