संमोहनाआधीचे बोलणे

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी अब्बे फारियांचा पुतळा आहे. दोन्ही हात पसरून उभे फारिया आणि समोर मागे कलंडलेली स्त्री. पाहणाऱ्याला वाटावे, त्या बोटांतून काहीतरी निघून तिच्या अंगात शिरते आहे. कांदोळीत जन्मलेल्या या धर्मगुरूने १८१३ पासून पॅरिसमध्ये शिकवले ते नेमके याच्या उलट. समोरच्याला बसवायचे, डोळे मिटून मन एकाग्र करायला सांगायचे आणि मग ‘झोपा’ म्हणायचे. जे घडते ते झोपणाऱ्याच्या मनात घडते, संमोहकाच्या हातात काही नाही, हे त्यांचे म्हणणे. तरी आजही रुग्ण आपल्याकडे येतो तो पुतळ्यातले संमोहन मनात धरून, आणि आपल्यापैकी अनेकजण त्याचा तो समज तसाच राहू देतात. आमच्या मते ही उपचारातलीच चूक आहे.

विश्वासाचे बळ फारियांच्याही आधी दिसले होते. स्पर्शाने, हातवाऱ्यांनी रोग बरे करणारे चुंबकत्व आपल्याकडे आहे असा दावा करणाऱ्या मेस्मर या वैद्याच्या तपासणीसाठी १७८४ मध्ये नेमलेल्या फ्रेंच आयोगात बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हॉझिए होते. फ्रँकलिन यांच्या पासी येथील बागेत मेस्मरचे शिष्य देस्लाँ यांनी जर्दाळूचे एक झाड ‘भारले’. बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून नेले मात्र न भारलेल्या झाडांपाशी. पहिल्या झाडापाशी त्याला घाम आणि खोकला सुटला, चौथ्यापाशी तो बेशुद्ध पडला. भारलेले झाड दूरच होते. आयोगाने चुंबकत्व नाकारले ते योग्यच होते. पण हा सारा कल्पनेचा परिणाम, एवढे म्हणून प्रश्न संपत नाही. मुलगा खरोखर कोसळला होता. कल्पनेने माणूस कोसळतो कसा? अर्व्हिंग किर्श यांनी १९८५ मध्ये मांडलेले उत्तर आम्हाला पटते: एखादी गोष्ट आपोआप घडेल अशी पक्की अपेक्षा असली, की ती आपोआप घडल्याचा अनुभव येतो.

मग संमोहन म्हणजे निव्वळ प्लासिबो, किंवा संमोहकाला खूश करण्याचे नाटक? दाढ काढलेल्या रुग्णांत प्लासिबोने मिळालेला आराम नॅलोक्सोनने (अफूसारख्या वेदनाशामकांचा परिणाम रोखणाऱ्या औषधाने) नाहीसा झाल्याचे १९७८ मध्ये दिसले, तर संमोहनाने दबलेली वेदना नॅलोक्सोनने परतली नसल्याचे हिलगार्ड आणि सहकाऱ्याने १९७५ मध्येच दाखवले होते. नाटकाच्या आक्षेपाला १९९७ चा मेंदूचित्रणाचा प्रयोग उत्तर देतो. हात चटके बसतील अशा गरम पाण्यात असताना ‘त्रास कमी वाटेल’ ही सूचना मिळाली, तेव्हा वेदनेचा त्रास जाणवण्याशी संबंधित अग्र सिंग्युलेट भागातली सक्रियता बदलली, स्पर्शवेदनेच्या भागातली तशीच राहिली. एक आक्षेप मात्र आम्ही मान्य करतो: सगळेच अपेक्षेवर ठरत नाही. स्टॅनफर्डच्या माजी विद्यार्थ्यांची पंचवीस वर्षांनी पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा त्यांची सूचनाक्षमता बरीचशी पूर्वीइतकीच निघाली. विश्वास इतका टिकून राहत नाही. म्हणजे प्रत्येकाची उपजत मर्यादा आहे, आणि त्या मर्यादेच्या आत कुठवर जाता येईल, हे अपेक्षा ठरवते.

म्हणून पहिल्या भेटीतले बोलणे घाईत उरकू नये. तिथे रुग्ण जे मानून बसतो, तेच पुढे त्याला अनुभवाला येते. ‘संमोहनात विसरलेले सगळे आठवते’ असे मानणाऱ्याला चित्रे दिसतील, ती खरी असल्याची खात्रीही वाढेल. अचूकता वाढेलच असे नाही. असा समज आधी खोडून काढावा, आणि आठवणी उकरायला आलेल्याला नाही म्हणावे. दुखण्यासाठी आलेल्याला सांगावे: तुमची शुद्ध जाणार नाही, नको वाटेल तेव्हा डोळे उघडा, आणि हात जड वाटू लागला तर वाटू द्या, ते तुमचेच काम आहे.