कोपऱ्यातलं दार

गावी आईबाबांना नवं किचन करून देणं, हा सध्याचा हिट फंडा! पहिला तगडा बोनस आला, की पुण्या-मुंबईत बसून व्हॉट्सअॅपवर लॅमिनेटचा रंग फायनल. चकाचक ट्रॉल्या, सॉफ्ट-क्लोज, वगैरे वगैरे. पण घर भाट्याला असेल, तर जरा थांबा बॉस.

रत्नागिरीहून पूल ओलांडला, की काजळी नदीचं मुख, सुरूचं बन आणि समोर थेट समुद्र. या हवेवर नारळ जाम खूश. नारळ संशोधन केंद्र इथे १९५५पासून आहे, ते काही उगाच नाही. लोखंडाचं मात्र इथे पटत नाही. वाऱ्याबरोबर आलेलं मीठ बिजागरीवर बसतं, हवेतला ओलावा ओढून घेतं. वरच्या चमकदार मुलाम्याला बारीकसा ओरखडा पडला, की आत गंज सुरू!

याचा पहिला बळी? एल-आकाराच्या ओट्याखालचं कोपऱ्यातलं कपाट. त्याला बऱ्याचदा दुमडणारं दार असतं. एक पल्ला १६५ किंवा १७० अंशांच्या बिजागरीवर, दुसरा त्या पहिल्यालाच १३५ अंशांच्या बिजागरीने जोडलेला. म्हणजे बिजागऱ्या दुप्पट, आणि सगळा भार पहिल्या पल्ल्यावर. एक गंजली, की दार लोंबतं, शेजारी घासतं. मग आई काय करते? तक्रार नाही करत. ते कपाट उघडणंच सोडून देते. किचनमधला सगळ्यात मोठा खण कायमचा बंद!

म्हणून सुतारकाकांशी बोलताना तीन गोष्टी पक्क्या करा.

हँडल आधी, दार नंतर. हँडल ३५ मिमी बाहेर येत असेल आणि दार १८ मिमी जाड असेल, तर झाले ५३. काटकोनातली ट्रॉली त्यावर आपटू नये म्हणून कोपऱ्यातली फिलर पट्टी निदान ६० मिमी हवी. दुमडणारं दार पूर्ण उघडल्यावर शेजारच्या हँडलवर आदळत नाही ना, तेही हाताने धरून बघा. भोकं त्यानंतरच!

धातू नावानिशी मागा. नुसतं 'स्टील' नको, ३०४ म्हणा. बजेट असेल तर ३१६. त्यात मॉलिब्डेनम असतं, ते खाऱ्या हवेला जास्त पुरून उरतं. लोहचुंबकाची ट्रिक इथे चालत नाही. स्वस्तातल्या २०२लाही तो सहसा चिकटत नाही. तेव्हा ग्रेड बिलावर लिहून घ्या. हँडल पितळी चालेल. काळवंडेल, पण लाल गंज धरणार नाही.

भोकांची काळजी घ्या. बिजागरीच्या वाटीसाठी ३५ मिमीचं भोक पडतं, तिथे प्लाय उघडा राहतो. प्लाय आयएस ७१०चा, म्हणजे मरीन, घ्या आणि भोकाच्या आत वॉर्निशचा हात मारायला सांगा. दारांमध्ये ३ मिमी फट ठेवा. पावसाळ्यात दार सरकलंच, तर बिजागरीचे स्क्रू फिरवून जागेवर येतं. त्यासाठी कोणाला बोलवायला नको.

आणि हो, रंग फायनल करण्याआधी घरी एक फोन. "आई, कोपऱ्यात काय ठेवणार आहेस? वाकून उघडायला जमेल ना गं?" उत्तर 'नाही' आलं, तर सरळ डिझाइन बदला. रोज ते दार उघडणार आहे ती, आपण नाही!