आपल्या घराचं नाटक

रामदासपेठेतल्या आमच्या ऑफिसात नाटकाच्या गप्पा निघाल्या, की नवख्या मुस्लिम नाटककाराच्या वाट्याला दोनच विषय येतात : दंगल आणि तलाक.

याच नागपुरात महेश एलकुंचवार इंग्रजी शिकवत. जन्म यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचा, कुटुंब मूळचं तेलुगू. १९८५ च्या 'वाडा चिरेबंदी'त त्यांनी देशपांड्यांचा खचता वाडा, दारातला बंद ट्रॅक्टर, प्रभाचं अडलेलं शिक्षण आणि वऱ्हाडी बोली रंगमंचावर आणली. समाजाची वकिली केली नाही, माणसं दाखवली.

शिक्षण अडलेल्या बहिणी, वाटणीवरून अबोला धरलेले भाऊ मोमिनपुऱ्यातही आहेत. घरात उर्दू, बाहेर मराठी ही अडचण नव्हे, संवादांची शिदोरी आहे. दोस्तांनो, लोकांनी दिलेले विषय राहू द्या. आधी आपलं घर लिहा.