'रिफ्रेश करू नका' हे उत्तर नव्हे

परीक्षेच्या फॉर्मचा शेवटचा दिवस. सबमिट दाबलं आणि ते गोल चक्र नुसतं फिरतंय. वर लाल अक्षरांत सूचना : 'रिफ्रेश किंवा बॅक दाबू नका.' मग करायचं काय? फॉर्म गेला की नाही गेला? बरेच जण शेवटी रिफ्रेश दाबतातच. त्यातून कधी दोन अर्ज जातात, कधी फी दोनदा कापली जाते. आणि दोष कुणाला? तुम्हालाच! 'सूचना वाचली नव्हती का?'

माझं म्हणणं सरळ आहे : ही सूचना म्हणजे साइट बनवणाऱ्याने आपलं काम तुमच्या गळ्यात मारणं आहे.

फॉर्म पाठवताना ब्राउझर सर्व्हरला 'पोस्ट' विनंती करतो. सर्व्हरने तिचंच उत्तर म्हणून 'धन्यवाद'चं पान दाखवलं, तर रिफ्रेश म्हणजे तीच विनंती पुन्हा. म्हणून तर ब्राउझर 'फॉर्म पुन्हा पाठवायचा का?' असं विचारतो. इलाज जुनाच आहे. माहिती साठवून झाली की सर्व्हरने पान न देता ३०३ हा कोड आणि नवा पत्ता द्यायचा. ब्राउझर तिथे साध्या 'गेट' विनंतीने जातो. आता शंभरदा रिफ्रेश करा, फक्त पावती पुन्हा उघडेल. ३०३ हा कोड १९९७ च्या एचटीटीपी १.१ मध्येच आला. तुमच्यापैकी बहुतेकांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता!

आता तुमच्यातल्या साइट बनवणाऱ्यांसाठी. फेस्टच्या नोंदणीचा फॉर्म जातो, पण पान पुढे सरकत नाही? एफ१२ दाबा, नेटवर्क टॅबमध्ये 'प्रिझर्व्ह लॉग'वर टिक करा, नाहीतर पान बदलताच आधीच्या नोंदी पुसल्या जातात. मग फॉर्म पाठवा. पोस्टच्या ओळीसमोर २०० दिसलं, तर सर्व्हरने रीडायरेक्ट पाठवलेलाच नाही. पीएचपी असेल तर हेडरच्या आधी एखादी रिकामी ओळ छापली जातेय का, ते बघा. ३०७ दिसलं, तर नव्या पत्त्यावरही पोस्टच जातेय. आणि फॉर्म जावास्क्रिप्टच्या 'फेच'ने पाठवत असाल, तर रीडायरेक्ट आतल्या आत पाळला जातो, पान मात्र जागचं हलत नाही. ते तुम्हालाच हलवावं लागतं.

३०३ ने सगळंच सुटतं असं नाही. नेट मंद असताना कुणी सबमिट दोनदा दाबलं, तर दोन विनंत्या जाणारच. त्यासाठी प्रत्येक फॉर्मला वेगळा क्रमांक द्या. तोच क्रमांक पुन्हा आला, तर सर्व्हरने दुसरी नोंद करायची नाही.

साइट लोकांच्या हाती देण्याआधी स्वतः दहा वेळा रिफ्रेश दाबून बघा. नोंद एकच राहिली, तर काम झालं. दोन झाल्या, तर लाल सूचना लिहीत बसू नका. कोड उघडा.