वाऱ्याच्या माहेरी मुक्काम

मित्रांनो, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कोणतं, असं विचारलं तर तुम्ही चटकन सांगाल, कळसूबाई! उंची १६४६ मीटर. तुमच्यापैकी काही जण तिथल्या लोखंडी शिड्या चढून माथ्यावर जाऊनही आले असतील. आज आपण ज्या शिखरावर जाणार आहोत, ते कळसूबाईपेक्षा जेमतेम पावणेतीनशे मीटरने उंच आहे. तुम्ही म्हणाल, हात्तिच्या, एवढंसंच! पण जरा थांबा. या ठेंगण्या शिखराला भलेभले गिर्यारोहक वचकून असतात.

त्याचं नाव माउंट वॉशिंग्टन. अमेरिकेच्या ईशान्य भागात न्यू हॅम्पशायर नावाचं राज्य आहे, तिथे हा पर्वत आहे. उंची १९१७ मीटर. त्याच्या अगदी माथ्यावर एक हवामान वेधशाळा आहे. १९३२ साली चार तरुणांनी ती सुरू केली आणि तेव्हापासून उन्हाळा असो की हिवाळा, तिथे माणसं राहतात. रोजच्या रोज, दर तासाला हवेची नोंद करतात. रात्री दोन वाजतासुद्धा!

थंडी किती असते म्हणाल, तर ४ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे तिथलं तापमान उणे ४४ अंश सेल्सिअस होतं. त्यात वारा सुसाट. गरम चहा बशीत ओतून आपण फुंकर मारतो, तेव्हा तो लवकर निवतो ना? तसाच वारा आपल्या अंगातली ऊब पळवून नेतो. त्या रात्री वाऱ्यामुळे अंगाला जाणवणारी थंडी उणे ७८ अंशांइतकी होती. अशा थंडीत उघडी राहिलेली कातडी दोन-चार मिनिटांत गोठू लागते. म्हणून बाहेर पडताना निरीक्षक हातमोजे, मुखवटा, डोळ्यांना चष्मा असा जामानिमा करतात. कातडीचा एक ठिपकाही उघडा राहू द्यायचा नाही!

आता तुम्ही विचाराल, एवढा वारा तिथेच का? बागेला पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की काय होतं, आठवा. वाट अरुंद झाली की पाण्याला जोर येतो. इथेही तसंच. या पर्वतरांगा साधारण उत्तर-दक्षिण पसरलेल्या आहेत आणि वारे येतात बहुधा पश्चिमेकडून. वाटेत पर्वत आडवा आला की हवेला वर चढून जावं लागतं. वरच्या बाजूलाही वातावरणाचा असा एक थर असतो, की तो हवेला सहजासहजी आणखी वर जाऊ देत नाही. खाली डोंगर, वर हे अदृश्य झाकण. मधल्या फटीतून हवा सुसाटत निघते. शिवाय त्या भागातून वादळांच्या अनेक वाटा जातात. त्यामुळे वर्षातले शंभराहून जास्त दिवस तिथे ताशी ११९ किलोमीटरपेक्षा अधिक वेगाचे वारे वाहतात. म्हणजे चक्रीवादळातलेच म्हणा ना!

मग तिथे राहायचं तरी कसं? निरीक्षकांच्या दोन तुकड्या असतात. एक तुकडी आठवडाभर वर, तेव्हा दुसरी खाली घरी. अदलाबदल बुधवारी. उन्हाळ्यात मोटार थेट माथ्यापर्यंत जाते, पण हिवाळ्यात रस्ता बर्फाखाली गडप होतो. मग रणगाड्यासारखे पट्टे लावलेली बर्फगाडी काढायची. हवा फारच बिघडली तर अदलाबदल पुढे ढकलली जाते, आणि वरच्यांचा मुक्काम लांबतो! इमारतीच्या खालच्या मजल्यावर झोपायची खोली, स्वयंपाकघर, बसायची जागा. स्वयंपाकाला स्वयंसेवक येतात. आठवडाभर सगळ्यांना रांधून वाढायचं आणि त्या बदल्यात शिखरावर राहायला मिळायचं. आणि हो, वेधशाळेत मांजर असतंच. ती तिथली जुनी प्रथा आहे. मार्टी नावाचा एक काळा बोका २००८ पासून २०२० पर्यंत तिथे राहत होता. त्याची निवड चक्क मतदान घेऊन झाली होती, बरं का!

दिवसपाळी आणि रात्रपाळी बारा-बारा तासांची. दर तासाला निरीक्षक बाहेर गच्चीवर जातो. किती लांबवरचं दिसतंय, आकाशात कोणते ढग आहेत, हिमवर्षाव होतोय की पाऊस, हे डोळ्यांनी पाहायचं. मग एक गमतीचं उपकरण गोफणीसारखं गरागरा फिरवायचं. त्यात दोन तापमापक शेजारी शेजारी बसवलेले असतात. एक कोरडा, तर दुसऱ्याच्या टोकाला ओलं कापड गुंडाळलेलं. माठातलं पाणी गार का होतं? बाहेर झिरपलेलं पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. तसाच ओला तापमापक कोरड्यापेक्षा थंड होतो. हवा जितकी कोरडी, तितका दोघांतला फरक मोठा. त्या फरकावरून हवेतलं बाष्प मोजता येतं. यासाठी वीज नको, काही नको!

पण सगळ्यांत मोठा शत्रू म्हणजे बर्फ. हे शिखर निम्म्याहून अधिक वेळ ढगात बुडालेलं असतं. त्या ढगांत पाण्याचे अगदी बारीक थेंब असतात. त्यांचं तापमान शून्याच्या खाली गेलेलं असतं, तरी ते गोठलेले नसतात. कशावर तरी आदळायचा अवकाश, की त्या क्षणी त्यांचा बर्फ होतो! दगड, खांब, कठडे, सगळ्यांवर पांढरी पिसं फुटल्यासारखा हा बर्फ वाढत जातो. तोही वाऱ्याच्या दिशेने नव्हे, तर वारा जिकडून येतो तिकडे तोंड करून. दिसायला फार सुंदर, पण उपकरणं त्याखाली गाडली जातात आणि चुकीचे आकडे दाखवू लागतात. मग कुणीतरी मनोऱ्यावर चढून लोखंडी पहार नाहीतर हातोडा मारून त्यांच्यावरचा बर्फ झाडायचा. वादळ असलं की हे काम पुन्हा पुन्हा.

या कामाचं मोल किती, ते १२ एप्रिल १९३४ या दिवशी कळलं. तेव्हाची वेधशाळा लाकडी होती. वाऱ्याने उडून जाऊ नये म्हणून साखळदंडांनी खडकाला जखडलेली! आत सॅल पाग्लिउका, अॅलेक्स मॅकेन्झी आणि वेंडेल स्टीफनसन हे तीन निरीक्षक आणि दोन पाहुणे होते. पहाटे चारच्या सुमारास स्टीफनसनला जाग आली. यंत्र सांगत होतं, वारा ताशी सुमारे १७० किलोमीटर. पण बाहेरचा आवाज काही वेगळंच सांगत होता! यंत्रावर बर्फ साचला असणार, हे त्याने ओळखलं. एक लाकडी दांडका घेऊन तो बाहेर पडला. दार उघडताच वाऱ्याने त्याला आडवं केलं. तो उठला, शिडी चढून छपरावर गेला आणि बर्फ फोडून परत आला. आता यंत्राने आकडा दाखवला, ताशी २४० च्या घरात!

वारा वाढतच गेला. दुपारी १ वाजून २१ मिनिटांनी वेग भरला ताशी ३७२ किलोमीटर! राजधानी एक्सप्रेस ताशी १३० किलोमीटरने धावते. तिच्या जवळजवळ तिप्पट. यंत्रातून येणारे ठोके निरीक्षक स्टॉपवॉच लावून मोजत होते. त्यांना पहिली शंका आली ती ही, की लोकांना हे खरं वाटेल का? पुढे त्या यंत्राची कसून तपासणी झाली आणि नोंद बरोबर ठरली. जमिनीवर मोजलेला जगातला सर्वांत वेगवान वारा म्हणून ती कितीतरी वर्षं गाजली.

हा विक्रम मोडला १० एप्रिल १९९६ रोजी. ऑस्ट्रेलियाजवळच्या बॅरो बेटावर ‘ऑलिव्हिया’ चक्रीवादळात ताशी ४०८ किलोमीटरची झुळूक नोंदली गेली (झुळूक कसली, थप्पडच ती!). ती टिपली आपोआप चालणाऱ्या यंत्राने. जागतिक हवामान संघटनेने या आकड्यावर शिक्कामोर्तब केलं, ते २०१० मध्ये.

मग आता सगळं यंत्रांवर सोपवून माणसांनी खाली का येऊ नये? प्रश्न रास्त आहे. यंत्रं थकत नाहीत, झोपत नाहीत. पण १९३४ च्या त्या पहाटे नुसतं यंत्रच असतं तर? बर्फात अडकून ते खोटा आकडा सांगत राहिलं असतं आणि ‘हे खोटं आहे’ असं म्हणायला कुणीच नसतं. दुसरं कारण त्याहून मोठं. या पर्वतावर आणि त्याच्या आसपास आजवर दीडशेहून अधिक माणसांनी प्राण गमावले आहेत. खाली छान ऊन, म्हणून पातळ कपड्यांनिशी निघायचं आणि वर तासाभरात धुकं, बर्फ आणि वारा! वेधशाळेचे लोक गिर्यारोहकांसाठी रोज शिखरांच्या हवेचा अंदाज देतात. तो वाचून कुणी अर्ध्या वाटेवरून परत फिरला, तर त्याची बातमी वर्तमानपत्रात येत नाही. पण तो संध्याकाळी आपल्या घरी सुखरूप पोचलेला असतो.

उंच जागी बसून ढगांचा अभ्यास आपल्याकडेही झाला आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने २०१२ मध्ये महाबळेश्वरला ढगांची प्रयोगशाळा उघडली. पावसाळ्यात तिथे ढग जमिनीवर उतरतात, म्हणजे विमान न उडवताच ढगात शिरता येतं!

आता तुमच्यासाठी एक काम. उद्यापासून महिनाभर, रोज एकाच ठरलेल्या वेळी गच्चीवर किंवा अंगणात जा. आकाशात ढग किती, वारा कुठून येतोय, लांबचा डोंगर किंवा पाण्याची टाकी स्पष्ट दिसते की धूसर, हे एका वहीत तारीख घालून लिहा. सोपं वाटतंय? पण गंमत अशी, की एखाद्या दिवशी कंटाळा आला आणि नोंद राहिली, तर ती नंतर कधीच भरून काढता येत नाही. काल संध्याकाळची हवा आज पुन्हा पाहता येत नाही ना! माउंट वॉशिंग्टनवरचा निरीक्षक मध्यरात्री उबदार अंथरुणाऐवजी त्या वाऱ्यात का उभा राहतो, हे तुमची वही तुम्हाला महिन्याभरात सांगेल.

चला तर, वही काढा!